अचानक काही झालं तर घरच्यांच्या हाती काय लागेल? वही, नॉमिनी आणि मृत्युपत्राची तयारी

घरातले पैशाचे व्यवहार बहुतेक ठिकाणी एकच माणूस पाहतो. विम्याचा हप्ता कधी जातो, एफडी कुठल्या शाखेत आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणत्या फाइलीत आहे, गावची जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे का, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. झटका किंवा अपघात नेमका त्यालाच झाला, की मागे राहिलेल्यांना सुरुवात कुठून करायची तेच उमगत नाही. बँकेत मृत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं. दाव्याला आलेली माणसं बहुधा एकच पासबुक घेऊन यायची आणि विचारायची, "यांचं अजून कुठे काही होतं का, ते तुमच्याकडे कळेल का?" आमच्या शाखेत जे होतं तेवढंच आम्ही सांगू शकत होतो.

बरेच जण तयारीची सुरुवात मृत्युपत्रापासून करायला जातात. वकील शोधायचा असतो, विषय मनाला जड वाटतो, आणि मग सगळंच राहून जातं. माझा क्रम वेगळा आहे. आधी वही, मग नॉमिनी, मग मृत्युपत्र. वही आज संध्याकाळी बसूनही होते.

पायरी १: वही लिहा

साधी शंभर पानी वही पुरे. मोबाइलमधली यादी चालेल, पण तो मोबाइल उघडणारा माणूस हवा, म्हणून कागदावर लिहिलेलं बरं. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात: काय आहे, कुठे आहे, कागद कुठे ठेवला आहे आणि नॉमिनी कोण आहे. एक नोंद अशी दिसेल: "एफडी, जिल्हा बँक, बाजारपेठ शाखा. पावती कपाटातल्या निळ्या फाइलीत. नॉमिनी आई, बदलायचं आहे." इतकं पुरतं. रक्कम लिहिली नाही तरी चालेल.

लोक बँक, पोस्ट आणि एलआयसी लिहितात आणि थांबतात. राहून जातं ते असं: पतसंस्थेतली आवर्त ठेव, जुन्या नोकरीतला पीएफ, लॉकर आणि त्याची चावी, सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, विकास सोसायटीचं पीककर्ज, मित्राच्या कर्जाला राहिलेला जामीन, हातउसने दिलेले पैसे. पासबुकात दर वर्षी मे अखेरीस ४३६ रुपये कापलेले दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे आणि मृत्यूनंतर त्यात दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची कपात असेल तर तो अपघात विमा आहे. हे पैसे कुटुंबाच्या हक्काचे असतात, पण कपात कसली होती हे माहीत नसल्यामुळे कुणी मागायलाच येत नाही. नोकरदाराच्या पीएफला जोडलेला ईडीएलआय विमाही असाच विसरला जातो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते.

देणीही मोकळेपणाने लिहा. कर्जाची जबाबदारी वारसांवर येते ती त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर नाही. हे ठाऊक असलं तर वसुलीवाल्याच्या फोनला घरचे घाबरत नाहीत. मात्र वारसांपैकी कोणी त्याच कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर त्याची जबाबदारी स्वतंत्र राहते.

पिन आणि पासवर्ड वहीत लिहू नका. फोन उघडण्याचा पिन मात्र एका बंद पाकिटात घालून विश्वासातल्या माणसाकडे द्या. मृत्यूनंतर सिमकार्ड लगेच बंद करू नये हेही वहीत ठळक लिहून ठेवा, कारण पुढचे काही महिने विमा कंपनी, पीएफ, वीज मंडळ असे सगळ्यांचे निरोप त्याच नंबरावर येतात. पण त्या फोनवरून यूपीआयने किंवा मृताच्या कार्डाने पैसे काढायचे नाहीत. हेतू कितीही चांगला असला तरी इतर वारसांच्या तक्रारीला तिथेच कारण मिळतं.

वही कुठे आहे हे निदान दोघांना माहीत असावं, आणि त्यातला एक जण दुसऱ्या घरात राहणारा असावा.

पायरी २: पहिल्या महिन्याचे पैसे

एकट्याच्या नावावरचं खातं, बँकेला मृत्यूची खबर मिळाली की थांबतं. दावा मंजूर होईपर्यंत किराणा, शाळेची फी, दवाखान्याचं उरलेलं बिल कशातून भागवायचं? यासाठी दोन-तीन महिन्यांचा खर्च पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात ठेवा आणि खातं चालवण्याची पद्धत "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" अशी आहे ना, हे पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहून घ्या. "दोघांनी मिळून" असं असेल तर एकाच्या सहीने पैसे निघणार नाहीत.

पायरी ३: नॉमिनी तपासा, आणि नावाचं स्पेलिंगही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. नॉमिनी म्हणजे मालक, असं घरोघरी धरून चालतात. तसं नाही. नॉमिनीच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते. ते पैसे अखेर कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत काही शंका उरली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या एका कुटुंबाच्या प्रकरणात निकाली काढली: नॉमिनेशनमुळे वारसा हक्क बदलत नाही. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने पती, पत्नी, मुलं आणि आईवडील यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर त्याला जास्त बळ दिलं आहे, तरी त्यावरून कोर्टात वाद होतच असतात. मोठ्या भावाला नॉमिनी केलं आहे, तो पुढे बायकोमुलांना देईल, अशा भरवशावर राहू नका.

मग नॉमिनेशन करायचं कशाला? ते नसेल तर लहान रकमेलाही सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्रं, आणि रक्कम मोठी असेल तर कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. नॉमिनी असेल तर पैसे लवकर घरात येतात. माझा सल्ला असा, की जिथे जमेल तिथे नॉमिनी आणि मृत्युपत्रातला हक्कदार एकच माणूस ठेवा. भांडणाला जागाच उरत नाही.

तपासताना या गोष्टी पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक, म्हणजे आधीचा हयात नसेल तर पुढचा. लॉकरला मात्र एकामागून एक हीच पद्धत आहे. पीएफचा नियम वेगळा आणि महत्त्वाचा आहे: लग्नाआधी आईला किंवा भावाला नॉमिनी केलं असेल, तर लग्नानंतर ते नॉमिनेशन रद्द समजलं जातं. नव्याने ई-नॉमिनेशन करावं लागतं, आणि नोकरी लागल्यावर फॉर्म भरून टाकलेल्या असंख्य तरुणांचं ते राहिलेलं असतं. नॉमिनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही द्या.

आता स्पेलिंग. पासबुकावर "मंदाकिनी", आधारवर "मंदा", शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव इंग्रजीत वेगळ्याच पद्धतीने. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही बदलण्याची रीत आहे, आणि त्याची किंमत ती विधवा झाल्यावर काउंटरवर मोजते. प्रतिज्ञापत्र करून आणा, राजपत्रातली प्रत आणा, पुन्हा या. दोघंही हयात असताना एका दुपारी बसून सगळीकडची नावं आधारप्रमाणे करून घ्या. जुळवता येत नसेल तिथे विवाह नोंदणीचा दाखला फाइलीत लावून ठेवा. माझ्या मते या लेखातलं हे एक काम जरी झालं तरी पुढचे निम्मे हेलपाटे वाचतील.

फ्लॅट सोसायटीत असेल तर नॉमिनेशनचा फॉर्म सोसायटीकडे देऊन पोच घ्या. सहकार कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यानुसार नॉमिनी हा वारसांचा हक्क ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो, मालक नव्हे.

पतीने स्वतःचा टर्म विमा घ्यायचा असेल आणि धंद्याचं कर्ज डोक्यावर असेल, तर १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेण्याचा विचार करा. ते पैसे पत्नी आणि मुलांचेच राहतात, कर्ज देणारे त्यावर हात ठेवू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, एजंट आपणहून सांगत नाही.

पायरी ४: मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते समजून घ्या

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याची मालमत्ता विधवा, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. आईचा वाटा अनेकांना ठाऊकच नसतो, आणि वडिलांना पहिल्या वर्गात, म्हणजे आधी वाटा मिळणाऱ्या या वारसांत, स्थान नाही हेही. म्हणजे मुलाच्या कमाईवर जगणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांसाठी काही ठेवायचं असेल तर लिहूनच ठेवावं लागेल.

स्त्रीच्या बाबतीत कायदा याहून टोचणारा आहे. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेला फ्लॅट आणि ठेवी आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातात. तिचे आईवडील त्यानंतर येतात. माहेरहून वारशाने आलेलं मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जातं. कमावत्या प्रत्येक बाईने, लग्न झालेल्या किंवा न झालेल्या, मृत्युपत्र करायला याहून मोठं कारण काय हवं?

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानेच आहे. २००५ च्या दुरुस्तीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केला. "बहिणी हक्कसोडपत्र देतील" असं गृहीत धरून कागद लांबणीवर टाकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तो प्रश्न दुःखाच्या दिवसांत, तेराव्याच्या जेवणानंतर बहिणीसमोर ठेवू नका. हयातीत बोला आणि लिहा.

मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातले वेगळे नियम आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आलेला असल्यामुळे मुलं असतील तर अर्ध्या हिश्शाचंच मृत्युपत्र करता येतं आणि पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक धरली जाते. गोव्यातलं घर असेल तर महाराष्ट्रातल्या नमुन्यावर लिहून मोकळे होऊ नका, तिथल्याच वकिलाला विचारा.

पायरी ५: मृत्युपत्र लिहा

स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. ठरावीक नमुना नाही. मराठीत, स्वतःच्या हाताने, साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, पण सहीची पद्धत चुकली तर सगळं वाया जातं. करणाऱ्याने दोन साक्षीदारांदेखत सही करायची आणि दोन्ही साक्षीदारांनी त्याच्या समोर सह्या करायच्या. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नाही, सही होताना पाहिली एवढं पुरे.

साक्षीदार कोण? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको नको. तुमच्याहून वयाने लहान, गावातच राहणारे, उद्या कोर्टात उभे राहायला तयार असे दोघं निवडा. एक डॉक्टर असेल तर उत्तम. "यांची मानसिक अवस्था ठीक आहे" असा त्यांचा त्याच तारखेचा दाखला जोडता येतो. कायदा तो मागत नाही, पण सत्तरी ओलांडलेल्यांनी घ्यावाच.

मजकुरात तुमचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता येऊ द्या. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द केल्याचं वाक्य हवं. मालमत्ता ओळखता येईल अशी लिहा: फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, जमिनीचा गट नंबर आणि गाव, खात्याची शाखा. "माझं सगळं मुलांना सारखं" यावर चार भावंडं दहा वर्षं भांडतात. कुणाला कमी किंवा काहीच देत नसाल तर कारण एका ओळीत, शिवी न देता, लिहा. शेवटी "वर न लिहिलेली उरलेली सर्व मालमत्ता अमुकला" असं वाक्य घाला, नाहीतर पुढे घेतलेली एफडी मृत्युपत्राबाहेर राहते. प्रत्येक पानावर सही आणि तारीख हवी.

एकत्र प्रवासात पती-पत्नी दोघंही गेले तर? हिंदू उत्तराधिकार कायदा सांगतो, की आधी कोण गेलं हे कळत नसेल तर वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं धरायचं. बायको दोन वर्षांनी लहान असेल तर नवऱ्याची मालमत्ता क्षणभर तिच्याकडे येऊन पुढे तिच्या वारसांकडे जाऊ शकते. म्हणून प्रत्येक नावापुढे "ती व्यक्ती हयात नसेल तर अमुक" हे लिहा. मुलं लहान असतील तर त्यांचा पालक कोण होईल तेही इथेच नेमा, पण त्या माणसाला आधी विचारून.

अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा. सगळ्यात शिकलेला नको, सगळ्यांशी बोलणं असलेला हवा.

मृत्युपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येतं आणि खर्च नाममात्र येतो. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. नोंदवलं म्हणून त्याला आव्हान देता येत नाही असं नाही, पण ते हरवत नाही आणि "सही खोटी आहे" म्हणणं अवघड जातं. मी नोंदणीच्या बाजूचा आहे.

एक इशारा. वाद नकोत म्हणून हयातीतच राहतं घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करण्याची घाई करू नका. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र असं सहज मागे घेता येत नाही. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार तेव्हाच घट्ट मिळतो.

पायरी ६: गावची जमीन

मृत्युपत्रात जमीन लिहिण्याआधी ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा एकत्र उतारा) काढा. त्यावर आजोबांचं किंवा वारलेल्या काकांचं नाव असेल तर आधी त्या पिढीची वारस नोंद करून घ्या. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. अशा राहून गेलेल्या नोंदींसाठी राज्याने एप्रिल २०२५ पासून "जिवंत सातबारा" मोहीम घेतली, यावरूनच दुखणं किती पसरलेलं आहे ते दिसतं. फेरफार, म्हणजे ही वारस नोंद, झाला म्हणजे वाटणी झाली असं समजू नका. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात, वाटप वेगळं करावं लागतं.

पायरी ७: माणूस आहे, पण शुद्धीवर नाही

संकट म्हणजे मृत्यूच असं नाही. पक्षाघात, कोमा, स्मृतिभ्रंश यांत खातं तुमच्याच नावावर राहतं आणि सही करणारं कोणी नसतं. "मी मुलाला मुखत्यारपत्र देऊन ठेवलं आहे" असं सांगणारे इथेच फसतात. देणारा स्वतः व्यवहार समजण्याच्या अवस्थेत राहिला नाही, की आपल्या कायद्यात मुखत्यारपत्राचा आधार संपतो. मग उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो आणि तोपर्यंत दवाखान्याचं बिल थांबत नाही. त्यामुळे पायरी २ मधलं संयुक्त खातं इथेही उपयोगी पडतं. आरोग्य विम्याचं कार्ड आणि टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दवाखान्याचे दावे पाहणाऱ्या संस्थेचा, नंबर वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

उपचार कुठवर करायचे याबद्दल तुमचं मत पक्कं असेल तर ते लिव्हिंग विलमध्ये लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर लावायचा की नाही हा निर्णय आयसीयूच्या दारात मुलीवर टाकण्यापेक्षा आपण घेऊन ठेवणं ही तिच्यावरची माया आहे. एक प्रत तिच्याकडे आणि एक फॅमिली डॉक्टरकडे द्या.

पायरी ८: दर वर्षी उघडा, आणि प्रसंगी लगेच

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करायची पद्धत आहे, त्याच दिवशी ही वही काढा. नवी खाती लिहा, मिटलेली कर्जं खोडा, बाजूला तारीख टाका. लग्न, घटस्फोट, बाळाचा जन्म, घरातला मृत्यू, नवं घर, नोकरीत बदल, यांपैकी काही झालं तर दिवाळीची वाट पाहू नका. घटस्फोटानंतर जुन्या जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून आपोआप निघेल असं धरू नका, फॉर्म भरा. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्न झाल्यावर रद्द होतं. हिंदूंचं होत नाही, म्हणून त्यांनी लग्नानंतर आठवणीने नवं करायला हवं.

छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं, पण तीही दोन साक्षीदारांसमोर. जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड करून कडेला लिहू नका. दोनाहून जास्त बदल असतील तर नवंच लिहा. तारखेने शेवटचं वैध मृत्युपत्र चालतं, आधीचं नोंदवलेलं आणि नंतरचं न नोंदवलेलं असलं तरी. पण आधीचं नोंदवलं असेल तर नवंही नोंदवा, म्हणजे शंका राहत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिथलं मृत्युपत्र वेगळं आणि इथल्या घराजमिनीचं वेगळं करणं सोयीचं पडतं. मात्र दोन्हींत "आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य तसंच ठेवलं, तर नंतरचं मृत्युपत्र आधीच्याला खाऊन टाकू शकतं. इथल्या मृत्युपत्राच्या त्या वाक्यात "फक्त भारतातील मालमत्तेपुरती" असे शब्द घालून घ्या, आणि दोन्ही वकिलांना एकमेकांचा मसुदा दाखवा.

नवं झालं की जुन्या मृत्युपत्राच्या सगळ्या प्रती गोळा करून फाडा, व्यवस्थापकाकडे दिलेली सुद्धा, आणि वहीत नव्याची तारीख आणि मूळ प्रत कुठे आहे ते लिहा. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर दुसऱ्याच्याही नावावर आहे याची खात्री करा, नाहीतर लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये, असं होऊन बसतं.